चाव्या परत करण्याआधी: निवृत्तांना घर शोधून देणाऱ्या एका सल्लासेवेचा अनुभव

नोकरीबरोबर मिळालेले घर नोकरीबरोबरच जाते, हे रुजू होतानाच प्रत्येकाला ठाऊक असते. पण त्या घरात मुले लहानाची मोठी झाली की ही अट नेमणुकीच्या पत्रातच पडून राहते. मी एका निवासी शाळेच्या वसतिगृहाचा अधीक्षक म्हणून २९ वर्षे काम केले. रात्री-अपरात्री हजर असणे हा कामाचाच भाग असल्यामुळे राहण्याची जागा आवारातच होती. भाडे नसल्यामुळे आमची भरपूर बचत होत असेल, असे इतरांना वाटे. प्रत्यक्षात, ज्याने कधी भाडे भरले नाही त्याला घराला किती पैसा लागतो याचा अंदाजच राहत नाही. शिवाय त्याच्या नावावर जुना भाडेकरार नसतो, कर्जफेडीची नोंद नसते, आणि नवा घरमालक नेमके हेच कागद मागतो. वयाच्या साठाव्या वर्षी मी घरांच्या बाजारात अगदी नवखा होतो. अशा अवस्थेत मी निवृत्तांना परवडणारे घर शोधून देणाऱ्या एका सल्लासेवेकडे गेलो.

पहिल्या भेटीत सल्लागारांनी शिल्लक किती आहे हे विचारलेच नाही. ‘‘ताबा कोणत्या तारखेला द्यायचा आहे?’’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि आज मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक ठिकाणी घराचा ताबा दिल्याशिवाय निवृत्तीची शेवटची देणी हातात पडत नाहीत आणि ती देणी मिळाल्याशिवाय नव्या घराची अनामत भरता येत नाही. या पेचात माणूस दिसेल ते पहिले घर घेऊन मोकळा होतो. सल्लागारांनी यावर मुदतवाढीचा अर्ज तयार करून दिला आणि त्याला चांगला आधार जोडला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६१ साली कामगारांच्या घरांविषयी स्वीकारलेल्या ११५ क्रमांकाच्या शिफारशीत, मालकाने स्वतः घरे पुरवणे सर्वसाधारणपणे इष्ट नाही असे म्हटले आहे. मात्र वस्तीपासून दूरच्या उद्योगांचा आणि ऐनवेळी हजर व्हावे लागणाऱ्या कामांचा अपवाद मान्य केला आहे. निवृत्तीमुळे नोकरी संपली तर दुसरे समाधानकारक घर मिळवण्यासाठी वाजवी मुदत मिळावी, असेही तीत सुचवले आहे. शिफारस कोणाला बांधून ठेवत नाही, पण अर्जाला वजन येते. मला तीन महिने वाढवून मिळाले आणि त्या तीन महिन्यांनीच आम्हाला घाईच्या निर्णयापासून वाचवले.

दुसऱ्या भेटीत त्यांनी आखीव कागदावर पुढच्या २५ वर्षांचे रकाने पाडले. एकूण उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घरावर जाऊ नये, हा सर्वत्र वापरला जाणारा ठोकताळा मला माहीत होता. पण तो फक्त पहिल्या महिन्याला लावून चालत नाही, हे त्या रकान्यांनी दाखवले. भाडे दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढले तर १२ वर्षांत ते दुप्पट होते. पेन्शन तेवढीच राहिली, तर आज उत्पन्नाचे ३० टक्के घेणारे घर बहात्तराव्या वर्षी ६० टक्के घेऊ लागते. मी स्वतःच्या पेन्सिलीने ते आकडे भरले आणि जे भाड्याचे घर मनोमन पक्के केले होते, त्यावर नवव्या रकान्यापाशीच काट मारली. स्वस्त घर आणि परवडणारे घर यांतला फरक मला कोणी इतक्या स्पष्टपणे समजावून दिला नव्हता.

घरे दाखवतानाही त्यांची पद्धत अशीच काटेकोर होती. सल्लागार प्रत्येक ठिकाणी आधी न्हाणीघराच्या दाराला टेप लावत. चाकाची खुर्ची सहज जाण्यासाठी सुमारे ८० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते. आम्हाला आवडलेल्या एका घरात ती ६२ भरली. दुसऱ्या घराला फाटकाशी ३० सेंटिमीटर उंचीच्या पायऱ्या होत्या. एकास बारा या उताराने तिथे रॅम्प करायचा तर ३६० सेंटिमीटर लांबी हवी, आणि अंगणात तेवढी जागाच नव्हती. घराची वर्णने मी आता त्यांच्यासारखीच वाचतो.

मात्र या सेवेत गंभीर उणिवाही आहेत. एका संस्थेच्या वसाहतीत आजीवन वास्तव्याचा हक्क देणारी योजना त्यांनी आमच्यासाठी निवडली होती. मसुदा वाचताना पत्नीने मला विचारले, ‘‘अहो, यात माझे नाव कुठे आहे?’’ ते कुठेच नव्हते. करार माझ्या एकट्याच्या हयातीपुरता होता, म्हणजे माझ्यामागे तिला घर सोडावे लागले असते. ज्या असुरक्षिततेतून बाहेर पडण्यासाठी आम्ही धडपडत होतो, तीच तिच्या वाट्याला पुन्हा आली असती. सल्लागारांनी चूक मान्य करून दोघांच्या नावे करार करून घेतला, तसेच हयातीनंतर अनामतीतील किती रक्कम कोणाला परत मिळेल आणि देखभाल खर्च दरवर्षी जास्तीत जास्त किती वाढेल, ही कलमेही घालून घेतली. तरीही हे त्यांच्या नजरेतून सुटायला नको होते. काही वसाहतींकडून त्यांना मोबदला मिळतो, हेही मी विचारल्यावरच कळले. अशी माहिती पहिल्याच भेटीत लेखी द्यायला हवी.

माझी सर्वांत मोठी तक्रार वेळेविषयी आहे. ही सेवा निवृत्तीला एक वर्ष उरल्यावरच नोंदणी घेते. कमी भाड्याच्या घरांच्या प्रतीक्षायाद्या अनेक वर्षे हलत नाहीत, त्यामुळे शेवटच्या वर्षी येणाऱ्या माणसासाठी तो मार्ग जवळपास बंदच असतो. स्वयंपाकी, राखणदार, परिचारिका, शेतावरचे मजूर यांच्यासारख्या कमी पगारावर कामाच्या जागीच राहणाऱ्यांकडे अनामतीएवढी रक्कम नसते आणि त्यांना याच घरांची सर्वाधिक गरज असते.

नव्या घरात आम्हाला सात महिने झाले आहेत आणि घराचा खर्च उत्पन्नाच्या २७ टक्क्यांवर आहे. ज्यांची थोडीफार बचत आहे आणि ज्यांना कागदपत्रे स्वतः पुन्हा एकदा ओळ न् ओळ वाचण्याची तयारी आहे, त्यांनी ही सेवा जरूर घ्यावी. नोंदणी निवृत्तीच्या किमान पाच वर्षे आधीपासून स्वीकारावी, असे मी त्यांना लेखी कळवले आहे. त्यांच्या उत्तराची मी वाट पाहत आहे.