एकाच फोनमधले दोन झूम: ३एक्स की १०एक्स?

इंदूरच्या जेल रोडवरच्या भाच्याच्या दुकानात गच्चीवरून पडून फुटलेला गॅलेक्सी एस२३ अल्ट्रा आला होता. दुरुस्त होण्यातला नव्हता. मग आम्ही मामा-भाच्यांनी गरम करून पाठीची काच सोडवली आणि दोन्ही झूम कॅमेरे शेजारी ठेवले.

३एक्सचा, म्हणजे तिप्पट जवळचं दाखवणारा, साधासरळ: सेन्सर (प्रकाश टिपणारी चिप) तळाला, त्यावर भिंगं. नाभीय अंतर मोठ्या (३५ मिमी) कॅमेऱ्याच्या हिशोबाने ७० मिमी, अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ/२.४. एवढंच.

१०एक्सचा मात्र बघत राहावा असा. त्याच हिशोबाने २३० मिमीची पोहोच हवी, तर ८.९ मिमी जाडीच्या फोनमध्ये भिंगं उभी रचायला जागा कुठली? म्हणून मागच्या चौकोनी खिडकीशी लोलक बसवलाय. प्रकाश तिथे काटकोनात वळतो, आडव्या मांडलेल्या भिंगांतून जातो आणि टोकाला उभ्या असलेल्या सेन्सरवर पडतो. पाणबुडीच्या पेरिस्कोपचीच युक्ती! भाच्याने चिमट्यात धरून ते दाखवलं तेव्हा दोघंही गप्प झालो.

सेन्सर दोन्हींचे सारख्याच मापाचे, १० मेगापिक्सेलचे. पण १०एक्सचं अॅपर्चर एफ/४.९. एफचा आकडा मोठा तितकं छिद्र लहान, म्हणजे प्रकाश जवळजवळ चौपट कमी. दिवसाउजेडी राजवाड्याच्या सातव्या मजल्यावरचं काम टिपायला १०एक्सच हवा. रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसाभोवती जमलेल्या घरच्यांचे चेहरे टिपायचे, तर मी ३एक्स घेईन. पुढच्याच वर्षी एस२४ अल्ट्रात १०एक्सच्या जागी ५एक्स आला, ५० मेगापिक्सेल आणि एफ/३.४ घेऊन. मला तो बदल मनापासून पटला. आमच्या घरचे निम्मे फोटो दिवे लागल्यावरच निघतात.