तीन वर्षं वेबसाइट माझी म्हणून मिरवली, मालक दुसराच निघाला

मी कोथरूडला घरातच शिवलेल्या नऊवारी करते. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, सगळ्या मापावर. मंगळागौर, गौरी आणि पाडवा हे आमचे तीन सीझन, बाकी वर्षभर लग्नं. तर ऐन श्रावणात, मशीनवर काष्टा पक्का करत बसलेले असताना नागपूरच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला, "अहो ताई, तुमचं नाव गुगलवर टाकलं तर काहीतरी जपानी की चिनी येतंय, तुम्ही धंदा विकला का?" मला वाटलं त्यांच्याच फोनमध्ये काहीतरी गडबड असेल. मग मी माझ्या फोनवर बघितलं. खाली माझ्याच साइटचा पत्ता आणि वर ओळीने जपानी अक्षरं, मध्येच बुटांचे आणि पर्सचे फोटो. पोटात गोळाच आला.

आता मुळापासून सांगते, कारण चूक तिथेच झाली होती.

साइट करायची ठरवली तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कोणी म्हणे विक्सवर कर, स्वतः माउसने ओढून ओढून होतं, कोणी म्हणे वर्डप्रेसच घे, तेही दोन असतात म्हणे, डॉट कॉम वेगळं आणि डॉट ऑर्ग वेगळं, इथपर्यंत ऐकूनच डोकं भणभणलं. तेवढ्यात एका ओळखीच्या बाईंनी एका 'सरां'चा नंबर दिला. कर्वे रोडला काचेच्या दाराचं ऑफिस, एसी, गेल्या गेल्या चहा. ते म्हणाले मॅडम, वर्डप्रेस-बिर्डप्रेसच्या भानगडीत पडू नका, ते फुकटचं असतं म्हणून हॅक होतं, आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, लाइफटाइम लायसन्स, एकदा पैसे भरा आणि विसरा. ३२,००० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ३७,७६०. मी यूपीआयने दोन हप्त्यांत दिले. पावती व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली, त्यावर जीएसटी नंबरच नव्हता हे मला तीन वर्षांनी दिसलं. रविवार पेठेत साडी घेताना मी काठाचा धागा ओढून, उलटी बाजू बघून, दुकानदाराला नको नको करून सोडते, आणि इथे पावतीसुद्धा नीट वाचली नाही.

शिवाय 'एकदा भरा आणि विसरा' म्हणालेल्या माणसाने दरवर्षी मेंटेनन्सचे ९,५०० घेतले, त्यात ३,५०० एसएसएलचे, म्हणजे पत्त्याशेजारी ते कुलुपाचं चिन्ह यायचं त्याचे. दोन वर्षं ते पण भरले.

जपानी प्रकार झाल्यावर सरांना फोन केला तर म्हणाले व्हायरस आलाय, क्लीनिंग आणि सिक्युरिटी पॅकचे १५,००० होतील. नशिबाने त्या आठवड्यात भाचा घरी आला होता, हिंजवडीला नोकरीला आहे. त्याने माझ्या लॅपटॉपवर साइट उघडली, राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स केलं आणि त्या अक्षरांच्या जंगलात डब्ल्यूपी-कंटेंट असं शोधलं, वर्डप्रेसच्या साइटमध्ये हे नाव असतं. पन्नासेक ठिकाणी पिवळं झालं. "मावशी, हे वर्डप्रेसच आहे गं." म्हणजे ज्याला तो माणूस नावं ठेवत होता तेच, २००३ पासून सगळ्या जगाला फुकट मिळणारं, स्वतःचं म्हणून मला विकलेलं! काम करून देण्याचे पैसे घ्यायला माझी काही हरकत नाही, मीही शिलाईच घेते, पण कापड गिऱ्हाइकाचं असताना ते माझं आहे असं सांगून मी त्याचे पैसे लावत नाही.

पुढचं त्याहून वाईट. त्यावर चढवलेली थीम, म्हणजे साइटचं तयार रंगरूप, विकतची होती, पण लायसन्स न घेता कुठूनतरी तोडलेली कॉपी उतरवून टाकलेली. याला नल्ड थीम म्हणतात हे मला तेव्हा कळलं. अशा कॉप्यांमध्ये बऱ्याचदा कोणीतरी आधीच चोरदार ठेवलेलं असतं, त्यातून ही जपानी पानं घुसवतात, आणि भाच्याच्या मते आपल्याकडे तेच झालं होतं. आणि एसएसएल? लेट्स एनक्रिप्ट नावाची संस्था ते फुकट देते, बऱ्याच होस्टिंगमध्ये, म्हणजे साइट ठेवायला भाड्याने जागा देतात तिथे, ते एका बटणावर चालू होतं.

मग भाच्याने एकच प्रश्न विचारला, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या ईमेलवर आहे? मी म्हटलं माझ्याच असेल ना, नाव तर माझ्या दुकानाचं आहे. तो काहीच बोलला नाही. माझ्याकडे जे लॉगिन होतं त्यात फक्त फोटो आणि मजकूर बदलता यायचा, ते एडिटरचं होतं, ॲडमिनचं नाही. होस्टिंगचं लॉगिन नाही, डोमेनचं नाही. मी सरांना मेसेज केला की क्लीनिंग नको, मला सगळी लॉगिन आणि डोमेनचा ऑथ कोड द्या (तो कोड असला की डोमेन दुसऱ्या कंपनीकडे हलवता येतं). वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी सकाळी साइट उघडली तर पांढऱ्या पानावर एवढंच, अकाउंट सस्पेंडेड. आणि दुपारी मेसेज, मॅडम सर्व्हरचे ड्यूज क्लिअर करा मग बोलू.

जिथे डोमेन रजिस्टर होतं त्या कंपनीलाही फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं, ज्याच्या नावावर आहे त्यालाच कोड मिळेल. नाव त्या सरांचं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, बघू, पण लेखी करार काहीच नाही, नुसती व्हॉट्सॲपची बोलणी आणि यूपीआयचे स्क्रीनशॉट. ते चॅट मात्र डिलीट करू नका कोणी, माझ्याकडे आज तेवढंच आहे. एकूण ५६,७६० गेले, सीझन गेला तो वेगळा.

जुन्या साइटवरचे गिऱ्हाइकांचे अभिप्राय वेबॅक मशीनवर सापडले, तिथे जुन्या पानांच्या प्रती साठवलेल्या असतात, रात्री बसून एकेक उतरवून घेतले.

नवीन करताना आधी डॉट इन डोमेन स्वतःच्या ईमेलने, स्वतःच्या कार्डाने घेतलं, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. तुमचं सॉफ्टवेअर कुठलंही असू दे, पण डोमेन दुसऱ्याला घ्यायला सांगू नका, बसवून घ्या शेजारी आणि बटण तुम्ही दाबा. विक्ससारखं घ्याल तर उद्या तीच साइट उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं, पण एक-दोन पानांचं काम असेल तर तेही काही वाईट नाही. वर्डप्रेस हलवता येतं, पण अपडेट आणि बॅकअप कोणीतरी बघावं लागतं. आणि पहिल्या वर्षाच्या दराला भुलू नका, दुसऱ्या वर्षी किती लागणार ते विचारा, होस्टिंगवाले तिथेच वसूल करतात.

मला तर हसू येतं आता, मला ऑनलाइन दुकान लागतच नव्हतं! सरांनी कार्ट, पेमेंट, कूपन सगळं लावून दिलं होतं, तीन वर्षांत त्यातून दोन ऑर्डरी आल्या आणि त्या दोघींनीही आधी व्हॉट्सॲपवर कंबर आणि उंची विचारूनच घेतलं. माप घेतल्याशिवाय नऊवारी होते का कधी? आता साधी तीन पानं आहेत वर्डप्रेसवर, फोटो, माप कसं घ्यायचं ते, आणि व्हॉट्सॲपचं बटण. ॲडमिनचा पासवर्ड माझ्या वहीत.

जुन्या पत्त्याची हजार व्हिजिटिंग कार्डं छापली होती, त्यातली सातेकशे अजून ड्रॉवरमध्ये आहेत. मागची बाजू कोरी आहे. त्यावर कंबर, उंची, ओच्याचं माप लिहिते आणि टाचणीने कापडाला लावते.