प्रेशर पंपाचे दहा महिने आणि गेजचा उतरणारा काटा

मुलुंडला आम्ही सातव्या, म्हणजे इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. पाण्याची टाकी डोक्यावरच असताना नळाला जोर का नाही, असे पाहुणे विचारतात. पण पाण्याचा दाब उंचीतल्या फरकावर ठरतो आणि दहा मीटर उंचीमागे तो साधारण एक बार मिळतो. गच्चीवरच्या टाकीचा तळ आमच्या शॉवरपासून जेमतेम चार मीटर वर असल्याने आम्हाला ०.४ बारच्या आसपास दाब मिळत असे, आणि तेवढ्यात आंघोळीला बादलीच बरी पडे. म्हणून गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही अर्ध्या अश्वशक्तीचा प्रेशर पंप बसवला. त्याच्यासोबत २४ लिटरची प्रेशर टाकी, प्रेशर स्विच आणि गेज आले. दाब १.४ बारला उतरला की पंप सुरू होतो आणि २.८ बारला पोहोचला की बंद होतो.

बसवण्यापूर्वी सोसायटीची लेखी परवानगी घेतली. आमच्या घरासाठी गच्चीवरच्या टाकीतून स्वतंत्र पाइप उतरतो, म्हणूनच हे शक्य झाले. सामाईक पाइपावर असा पंप लावला तर तो शेजाऱ्यांच्या वाट्याचे पाणी ओढतो, आणि महापालिकेच्या जलवाहिनीला थेट पंप जोडण्यास तर मनाईच आहे.

पहिले तीन महिने तक्रारीला जागा नव्हती. फेब्रुवारीत मात्र रात्री घरात एकही नळ उघडा नसताना पंप सुमारे तासाभराने काही सेकंद चालू लागला. त्या शांततेत तो आवाज सासूबाईंना फार जाणवे. पंप बिघडला असावा असे आम्हा सर्वांनाच वाटले. पण गेजकडे नीट पाहिल्यावर लक्षात आले की पंप आपले काम बरोबर करत होता, दाब मात्र कुठून तरी निसटत होता. तो कुठून निसटतो हे शोधण्याची रीत सोपी आहे. पंप पूर्ण दाबावर बंद झाल्यावर त्याचे बटण बंद करायचे, टाकीनंतर घरात जाणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि अर्धा तास थांबायचे. तरीही काटा उतरला, तर दोष पंपाच्या बाजूला, बहुधा एनआरव्हीत, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये असतो. काटा जागेवर राहिला, तर गळती घरात असते. आमचा काटा हलला नाही. मग तो व्हॉल्व्ह उघडून संडास-बाथरूममधले अँगल कॉक एकेक करून बंद केले, तेव्हा एका फ्लशपाशी शोध थांबला. खात्रीसाठी फ्लशच्या टाकीत कपड्यांच्या निळीचे थोडे थेंब टाकले. अर्ध्या तासात, फ्लश न करताच, भांड्यात निळी रेघ उतरली. पंपाच्या दोन फेऱ्यांच्या दरम्यान प्रेशर टाकीतून सुमारे आठ लिटर पाणी बाहेर पडते, हे धरले तर त्या एका रबरी वॉशरमुळे दिवसाला जवळजवळ १९० लिटर पाणी वाया जात होते, आणि पंप नसता तर ते आम्हाला कधी कळलेही नसते.

जुलैमधला बिघाड निराळा होता. नळ उघडताच पंप सुरू व्हायचा, बंद करताच थांबायचा आणि शॉवरमधून पाणी हबकत यायचे. सर्व्हिससाठी आलेल्या गृहस्थांनी पाच मिनिटांत पंप आणि टाकी दोन्ही बदलण्याचा सल्ला दिला. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून ठिबकणारे थेंबही त्यांनी पुरावा म्हणून दाखवले. वास्तविक पाणी तापताना प्रसरण पावते आणि त्या वेळी तिथून थोडे थेंब येणे हा दोष नाही. पाणी थंड असतानाही ठिबकत राहिले तरच काळजी करावी.

योगायोगाने त्याच आठवड्यात इंग्लंडमधल्या माझ्या बहिणीने तिच्या घरातल्या हीटिंगच्या बॉयलरचा गेज मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. तिथे थंड अवस्थेत दाब एक ते दीड बार ठेवतात. तिचा काटा मात्र घर तापले की तीन बारजवळ जाऊन सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी बाहेर पडे, आणि थंड झाल्यावर तो शून्याकडे येई. तिच्या तंत्रज्ञाने कारण सांगितले की वाढलेले पाणी सामावून घेणाऱ्या बंद डब्यातली हवा गेली आहे. आमच्या प्रेशर टाकीची रचनाही तीच आहे : आत रबरी फुग्यात पाणी आणि त्याच्याभोवती दाबलेली हवा. हवा गेली की दाबाला उसळी देणारे काही उरत नाही.

मी पंप बंद केला, नळ उघडून पाण्याचा दाब पूर्ण उतरवला आणि टाकीच्या टोकावरच्या, स्कूटरच्या टायरला असतो तशा व्हॉल्व्हला टायरचा गेज लावला. तो ०.३ बारही दाखवत नव्हता. व्हॉल्व्हची पिन दाबल्यावर पाणी आले असते तर फुगा फाटला असे समजून तो बदलावा लागला असता. आमच्याकडे नुसती हवा आली. पायपंपाने १.२ बारपर्यंत हवा भरली, कारण ती पंप सुरू होण्याच्या दाबापेक्षा सुमारे ०.२ बार कमी असावी लागते. पाण्याचा दाब न उतरवता हवा मोजली तर आकडा चुकीचा येतो, आणि माझ्या मते बहुतेक घरी हीच चूक होते. एवढ्याने शॉवर पूर्ववत झाला. एक पैसाही खर्च झाला नाही.

पंपाविषयी माझ्या दोन तक्रारी शिल्लक आहेत. पाणीकपातीत गच्चीवरची टाकी रिकामी झाली तर कोरडा चालणारा पंप थांबवण्याची सोय यात नाही. ती आम्ही वेगळी बसवून घेतली, आणि मुंबईत ती नसलेला पंप कोणी घेऊ नये असे मी आवर्जून सांगेन. दुसरे म्हणजे सोबतच्या पुस्तिकेत टाकीतली हवा तपासण्याविषयी एक ओळही नाही. आता दर तीन महिन्यांनी मी ती स्वतः तपासतो. काल रात्री अकरा वाजता पंपाचे बटण आणि घराकडचा व्हॉल्व्ह बंद केला तेव्हा काटा २.८ वर होता. सकाळी सहाला तो २.७ वर होता.