चिचेन इत्झासाठी ५५ मिनिटं

माझे बाबा इस्लामपूरजवळच्या शाळेत बत्तीस वर्षं गणित शिकवायचे. आठवीला शून्याचा विषय निघाला की ते हमखास सांगायचे, आपल्यासारखंच शून्य समुद्रापलीकडच्या माया लोकांनीही स्वतःचं स्वतः शोधलं होतं. मग फळ्यावर शिंपला काढायचे. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपला म्हणजे शून्य. मीही त्या वर्गात बसून ते वहीत उतरवलंय.

गेल्या हिवाळ्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे डॅलसला आले होते. अमेरिकेचा व्हिसा चालू असला की भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून फेब्रुवारीत पाच दिवस कॅनकूनला जायचं ठरवलं. मी, नवरा, नऊ वर्षांची मुलगी आणि ते दोघं. समुद्राचं बाबांना फारसं काही नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, "तिथून चिचेन इत्झा किती लांब गं?" चिचेन इत्झा म्हणजे माया लोकांच्या जुन्या शहराचे अवशेष. साधारण २०० किलोमीटर, अडीच तास. "मग एक दिवस तिकडे," म्हणाले. हा एक दिवस आमच्या हातून कसा गेला ते सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले कितीतरी जण आई-वडिलांना घेऊन तिथे जातात.

सुरुवात विमानतळावरच झाली. सामान घेऊन कस्टम्समधून बाहेर आलं की रस्त्यावर जाण्याआधी एक लांब दालन लागतं. दोन्ही बाजूंना टेबलं, पांढरे शर्ट घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं, आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न: कुठलं हॉटेल? तुमची गाडी कुठे आहे? आम्हाला वाटलं हे विमानतळाचे कर्मचारी. आमची व्हॅन आधीच ठरलेली होती आणि तिचा ड्रायव्हर बाहेर उघड्यावर पाटी घेऊन उभा होता. पण आतल्या माणसाने आमचा कागद हातात घेतला, फोन लावल्यासारखं केलं, म्हणाला, "दहा मिनिटं लागतील, बसा." त्या दहा मिनिटांत त्याने चिचेन इत्झाची सहल विकली. एरवी १३० डॉलर, इथल्या 'पर्यटन माहिती केंद्रा'तून माणशी ४५. प्रवेश, इंग्रजी गाइड, जेवण, सेनोटे म्हणजे तिथल्या चुनखडीतल्या नैसर्गिक विहिरीत पोहणं, सगळं धरून. पहाटे साडेसहाला हॉटेलवरून निघायचं, अवशेषांजवळ साडेतीन तास, संध्याकाळी पाचला परत. पाच जणांचे २२५ डॉलर आम्ही रोख दिले.

त्याच्या माहितीपत्रकावर मोठ्या पिरॅमिडच्या माथ्यावर उभ्या असलेल्या माणसांचा फोटो होता. त्या पिरॅमिडवर चढणं कित्येक वर्षांपासून पूर्ण बंद आहे. एवढं एक आम्ही घरून वाचून गेलो असतो तरी तिथेच उठलो असतो.

कुपनावर बारीक अक्षरात एक अट होती: दुसऱ्या दिवशी सकाळी एका हॉटेलात ९० मिनिटांची न्याहारी. ती टाइमशेअर, म्हणजे दरवर्षी काही दिवस हॉटेलात राहण्याचा हक्क, विकण्याची बैठक निघाली आणि चार तास चालली. एक माणूस थकला की दुसरा येऊन बसायचा, आणि किंमत निम्म्यावर यायची. आम्ही सही केली नाही. शेजारच्या टेबलावरच्या जोडप्याने केली, हे अजून डोक्यातून जात नाही. तुमच्यापैकी कोणी केली असेल तर मेक्सिकोच्या ग्राहक कायद्यानुसार असा करार पाच कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. तोंडी सांगू नका, लेखी द्या आणि पोच घ्या. दाद देत नसतील तर 'प्रोफेको' ही तिथली सरकारी ग्राहक संस्था आहे.

चौथ्या दिवशी बस साडेसहाच्या ऐवजी सात चाळीसला आली. नऊपर्यंत इतर हॉटेलांतली माणसं गोळा केली, मग एका आवारात सगळ्यांना उतरवून दुसऱ्या बसमध्ये भरलं. शहर सोडायला पावणेदहा झाले. वाटेत गाइडने माइकवर सांगितलं की 'सरकारी कर' वेगळा आहे, माणशी ४५ डॉलर, रोख. प्रवेश धरलेला आहे ना, असं नवऱ्याने विचारलं, तर म्हणाला, प्रवेश धरलाय, कर नाही. खरं असं आहे की चिचेन इत्झाचं परदेशी पाहुण्यांसाठीचं तिकीटच दोन भागांत असतं. एक भाग देशाच्या मानववंश आणि इतिहास संस्थेचा, दुसरा युकातान राज्याचा. दोन्ही मिळून सहाशेच्या वर पेसो होतात आणि दोन्ही दाराशीच मिळतात. त्याशिवाय वेगळा कर नाही. संस्थेचा भाग तर १३ वर्षांखालच्या मुलांना माफ आहे, आमच्या मुलीचेही ४५ डॉलर घेतले. पण हमरस्त्यावर, मध्ये कुठे, आई-बाबांना घेऊन उतरणार कसं? दिले.

घड्याळाचं तर मुद्दाम सांगायला हवं. कॅनकून ज्या किन्ताना रो राज्यात आहे तिथलं घड्याळ शेजारच्या युकातानपेक्षा एक तास पुढे असतं, आणि चिचेन इत्झा युकातानमध्ये आहे. बस पहिल्यांदा थांबली तेव्हा माझ्या मनगटावर बारा वाजले होते आणि अवशेषांचा पत्ता नव्हता. मी कुरकुरले, तर गाइड हसून म्हणाला, "इथे अकराच वाजलेत, भरपूर वेळ आहे." तो वाचलेला तास एका दुकानात गेला, आणि वर आणखी वीस मिनिटं.

दुकानात चांदीची पदकं, ऑब्सिडियन या काळ्या ज्वालामुखी काचेच्या मूर्ती आणि 'माया जन्मपत्र'. नाव आणि जन्मतारीख सांगायची, ते जाड कागदावर माया लिपीत छापून देतात. बाबांचा चेहरा उजळला. एक स्वतःचं, एक नातीचं घ्यायचं म्हणाले. किंमत लिहिली होती: डॉलरचं चिन्ह आणि पुढे १,२००. मेक्सिकोत पेसोसाठीही तेच चिन्ह वापरतात. नवऱ्याने विचारून घेतलं, पेसो, दोन्हींचे मिळून. कार्ड मशीनवर सही केली. रात्री बँकेचा संदेश पाहिला तर १२० अमेरिकन डॉलर गेले होते, म्हणजे सांगितलेल्या रकमेच्या जवळपास दुप्पट. तक्रार केली, पण सही आमचीच होती, बँकेने नाकारली. कार्ड देण्याआधी मशीनच्या पडद्यावर आकडा आणि चलन दोन्ही वाचा, आणि घाई करणाऱ्याला थांबवा.

जेवणाला 'शाकाहारी मिळेल' म्हणाले होते. आई घेवड्याची उसळ वाढून घेणार, एवढ्यात मी विचारलं. ती डुकराच्या चरबीत परतलेली होती. तिकडे ही नेहमीची पद्धत आहे. आईने कोरडा भात आणि पपई खाल्ली. मग सेनोटे, तिथे लाइफ जॅकेटचे वेगळे पैसे.

चिचेन इत्झाच्या दारात पोचलो तेव्हा तिथल्या वेळेने तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. शेवटचा प्रवेश चारला, पाचला बंद. तिकिटं हातात येईपर्यंत तीन पंचवीस. बसजवळ चार वीसला या, नाहीतर बस निघेल, असं बजावलं. म्हणजे ५५ मिनिटं, त्यात जाण्या-येण्याची चाल धरून, आणि आईचे गुडघे दुखरे. इंग्रजी गाइडने दहा मिनिटं बोलून आम्हाला सोडलं.

तरीही समोर झाडी संपते आणि कुकुलकान या माया देवाचा मोठा पिरॅमिड उभा राहतो, तेव्हा बाबा मुकाट्याने बघत राहिले. मग नातीला सांगायला लागले: एका बाजूला ९१ पायऱ्या, चार बाजूंच्या ३६४, वरचा चौथरा धरून ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. पायऱ्यांसमोर उभं राहून टाळी वाजवली की पाखराच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो, तेही दोघांनी करून पाहिलं. वाटेवर दोन्ही बाजूंना जग्वारच्या गुरगुरण्याचा आवाज काढणारी खेळणी विकणारे असतात. बरेचसे तिथलेच माया लोक. दोन शब्द घासाघीस होते, पण समोर ठेवलेली वस्तूच देतात. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

बाबांना खरं बघायचं होतं ते एल काराकोल. गोल मनोऱ्याची वेधशाळा, आत गोगलगाईसारखा वळत जाणारा जिना, म्हणून हे नाव. तिथल्या खिडक्या शुक्राच्या मावळण्याच्या टोकांशी जुळतात. शुक्राचं चक्र ५८४ दिवसांचं; अशी पाच चक्रं म्हणजे बरोबर ३६५ दिवसांची आठ वर्षं. हे गणित बाबा विमानात मुलीला घालून आले होते. काराकोल दक्षिणेच्या बाजूला, पिरॅमिडपासून दहाएक मिनिटांवर आहे. बाबा तिकडे वळले आणि मी घड्याळ बघून त्यांचा हात धरून मागे फिरवला. एक शब्द न बोलता ते माझ्याबरोबर आले.

रात्री हॉटेलवर त्यांनी ती दोन जन्मपत्रं दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळाने मला हाक मारली. दोन्हींवर सगळ्यात वरचा आकडा एकच होता, दोन रेघा आणि दोन टिंबं, म्हणजे बारा. मायांच्या दीर्घ गणनेत, म्हणजे सलग दिवस मोजत जाण्याच्या पद्धतीत, तो आकडा २१ डिसेंबर २०१२ ला बाराचा तेरा झाला. त्यांचा जन्म १९५१ चा, त्यांचं बारा बरोबर. नातीचं तेरा हवं होतं. खालच्या ओळीही दोन्हींवर हुबेहूब सारख्याच. नाव तेवढं बदलून एकच कागद छापलेला. "आकडे तरी खरे द्यायचे," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचं विमान होतं.

येत्या जानेवारीत माझा भाऊ सासू-सासऱ्यांना घेऊन तिकडे जातोय. त्याला सांगितलंय: कस्टम्सनंतर दाराबाहेर पडेपर्यंत कोणापाशी थांबायचं नाही, कागद कोणाच्या हातात द्यायचा नाही. आदल्या रात्री वायादोलिद या जवळच्या गावी मुक्काम करायचा, तिथून अवशेष चाळीसएक किलोमीटरवर आहेत. आठला दार उघडतं तेव्हा पोचायचं; किनाऱ्यावरच्या बसगाड्या येईपर्यंत दोन-अडीच तास शांतता असते. तिकीट दाराशी, पेसोमध्ये. गाइडही दाराशीच, पर्यटन खात्याचं फोटोचं ओळखपत्र बघून, सगळ्या गटाचा मिळून दर आधी ठरवून. कॅनकूनहून थेट जायचं असेल तर एडीओ या बस कंपनीची गाडी आहे, परतीची वेळ तिकीट काढतानाच विचारून घ्यायची.

बाबांनी त्याला फोनवर नकाशा समजावून दिलाय. आत शिरल्यावर पिरॅमिडपाशी रेंगाळू नकोस, आधी उजवीकडे काराकोलला जा, आणि तिथून मला व्हिडिओ कॉल लाव, इस्लामपूरला तेव्हा रात्र असेल पण मी जागा असेन.