धुक्याचं पाणी: साधी जाळी लावायची की पाणी न धरणारं कोटिंग असलेली?

डोंगरावर जाळी उभी केली की वाऱ्यासोबत येणाऱ्या धुक्याचे थेंब तिच्यात अडकतात आणि खाली ओघळलेलं पाणी गोळा करता येतं. आधी साध्या जाळीचं सांगतो. चिलीमधलं चुंगुंगो हे मच्छीमारांचं गाव टँकरवर जगायचं, मग वरच्या एल टोफोच्या डोंगरावर आपल्या शेडनेटसारख्या राशेल जाळ्या उभ्या केल्या, प्लास्टिकच्याच, दोन पदरी, एकेक ४८ चौरस मीटरची, आणि चौरस मीटरमागे दिवसाला सरासरी ३ लिटरच्या आसपास पाणी मिळायला लागलं, ते पण पंपाशिवाय, उतारावरून पाइपने थेट गावात. मला हे फार मोठं काम वाटतं.

पण या जाळीतून बरंच धुकं निसटतं. पट्ट्या रुंद असतात म्हणून वारा वळसा घालून जातो आणि बारीक थेंबही त्याच्यासोबत जातात, जे अडकतात ते भोकांत चिकटून बसतात आणि भोकं बुजली की वारा आरपार जातच नाही.

२०१३ मध्ये एमआयटी आणि चिलीतल्या संशोधकांनी बारीक स्टीलच्या जाळीला पाणी न धरणाऱ्या पॉलिमरचं कोटिंग दिलं, लॅबमधल्या धुक्यात नेहमीच्या जाळीच्या पाचपट पाणी आलं. सगळं श्रेय कोटिंगचं नाही हं, तार बारीक होती आणि दोन तारांमधलं अंतरही जमवलेलं होतं. आणि कोटिंग बघताना थेंब गोल दिसतोय यावर जाऊ नका, गुलाबाच्या पाकळीवरही तो गोलच दिसतो पण पाकळी उलटी केली तरी पडत नाही, अळवावरचा मात्र जरा हललं की पळतो. आपल्याला अळू पाहिजे, थेंब लहान असतानाच घसरला पाहिजे.

माझं मत विचाराल तर गावाने चालवायची असेल तर साधी जाळीच घ्या, फाटली तर तिथल्या तिथे शिवता येते. चुंगुंगोत पुढे देखभाल थांबली आणि गाव परत टँकरवर आलं, म्हणजे साध्या जाळीलाही रोज बघणारं माणूस लागतंच, मग ऊन आणि धूळ खाऊन कोटिंग झिजलं तर ते परत कोण देणार? शिवाय त्या प्रयोगातल्या कोटिंगमध्ये फ्लोरिनचं संयुग होतं, पाणी प्यायचं असेल तर थरात काय आहे हे आधी लेखी मागा. जागा कमी असेल, धुकं विरळ असेल आणि दुरुस्ती करणारं कोणी हाताशी असेल तर कोटेड जाळी नक्की करून बघा.

आंबोली-महाबळेश्वरसाठी विचार करत असाल तर थांबा, तिथे दाट धुकं असतं ते पावसाळ्यात, तेव्हा पाऊसच धो धो पडत असतो, टंचाई असते एप्रिल-मेमध्ये, त्यापेक्षा छपराचं पाणी टाकीत साठवा. बाकी कुठेही आधी १ चौरस मीटरच्या दोन चौकटी शेजारी शेजारी लावा, एक साधी एक कोटेड, आणि वर्षभर रोज सकाळी पाणी मोजून वहीत लिहा.