दोडका उभा राहिला तो व्हिडिओ

आमच्या दोडक्याचा व्हिडिओ तुमच्यापैकी कुणी पाहिलाही असेल. तपकिरी डॅशहुंड कुत्रा, मागचे पाय थरथरताहेत, तरी सहा-सात सेकंद फरशीवर उभा. मागून माझ्या सासूबाईंचा आवाज, "उठला गं बाई, उठला!" वर लाल अक्षरांत लिहिलंय, 'लकवा ३ दिवसांत बरा, विनाऑपरेशन'. तो व्हिडिओ मीच काढला आणि मीच पाठवला. पुढे काय झालं ते त्यात नाही, म्हणून हे लिहितेय.

दोडका हे नाव आकारावरून पडलं. घरात लाडका आणि दोडका दोन्ही तोच. वय साडेपाच. ऑगस्टमधल्या एका रविवारी सकाळी दिवाणावरून उडी मारली, केकाटला, आणि संध्याकाळपर्यंत मागचं अंग फरफटत ओढायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर घेतलं आणि मागच्या पायाचं बोट चिमट्यात धरून जोरात दाबलं. दोडका किंचाळून त्यांच्या हातावर धावला. डॉक्टर खूश. म्हणाले, "वेदना कळतेय, म्हणजे अजून बरंच काही आपल्या हातात आहे."

मणक्यांमधली गादी सरकून मज्जारज्जूवर दाब आला होता. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत ही गादी लवकर कडक होते, मग एका उडीचं निमित्त पुरतं. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही, आणि एमआरआय करायचा तर नाशिकहून मुंबई. वेदना कळत असताना ऑपरेशन झालं तर दहातले साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. वेदना कळेनाशी झाल्यावर निम्मेच, तेही एक-दोन दिवसांत ऑपरेशन केलं तर. लाखाच्या वरचा आकडा ऐकून नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा रस्ता सांगितला. चार ते सहा आठवडे पिंजऱ्यात कडक विश्रांती, दुखण्या-सुजेच्या गोळ्या, आणि बोट दाबून वेदनेवर रोज लक्ष. वेदना कळेनाशी झाली असं वाटलं तर त्याच दिवशी मुंबई गाठायची.

पिंजरा आणला. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

सोमवारी सोसायटीतल्या एकीने नंबर दिला. 'होलिस्टिक' उपचार करणारे सर, म्हणे खूप कुत्रे उठवलेत. आवाज गोड. "ताई, आता हे बाळ तुमचं नाही, माझं." २१ दिवसांचा कोर्स, १८,५०० रुपये, सगळे आधी. कसाऱ्याच्या घाटात गाडीचे हादरे बसले तर वाटेतच जाईल, भूल दिली तर उठणारच नाही, पिंजऱ्यात ऊर्जा अडते. हे सगळं त्यानं दोडक्याला न बघता फोनवर सांगितलं. आम्हाला तेच ऐकायचं होतं, हेही खरं. पैसे पाठवले तेव्हा मला चक्क हलकं वाटलं.

दोन तासांत एक पोरगा पुड्या देऊन गेला. तपकिरी कागद, त्यावर बॉलपेनने १, २, ३. घटक काय, कुणी बनवलं, काही नाही. तुपातून द्यायच्या, पाठीला तेल चोळायचं, आणि पोटाखाली पंचा घालून दिवसातून दहा फेऱ्या मारायच्या. म्हणजे डॉक्टरांनी जे करू नका म्हटलं होतं, नेमकं तेच. आधीच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत हे त्यानं विचारलंच नाही. मी त्याही देत राहिले.

बुधवारी दोडका उभा राहिला. तोच तो व्हिडिओ.

त्याच दिवसापासून तो वाडग्यावर वाडगे पाणी पिऊ लागला, अधाशासारखा खाऊ लागला, रात्री धापा टाकू लागला. सर म्हणाले, विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत. गुरुवारी संध्याकाळी दोन्ही पाय लोळागोळा. मी घाबरून व्हिडिओ कॉल लावला. त्यानं बोट दाबायला सांगितलं, मी दाबलं, पाय आखडला. "बघा! संवेदना आहे. उगाच घाबरता."

इथेच मी फसले, आणि हे प्रत्येक कुत्रेवाल्याने नीट समजून घ्यावं. पाय आखडून घेणं ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातली नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असते, मेंदूला त्याची खबरही नसेल. वेदना कळली तर कुत्रा मान वळवतो, ओरडतो, चावायला येतो. मी पायाकडे बघत होते. दोडका सासूबाईंच्या हातातल्या बिस्किटाकडे बघत होता.

अंथरूण सारखं ओलं होत होतं, त्यावर "लघवी मोकळी झाली" हे उत्तर. प्रत्यक्षात मूत्राशय तुडुंब भरून वरून पाझरत होतं. शनिवारी डांबरासारखी काळी शी झाली, रक्ताची उलटी झाली, आणि आम्ही पुन्हा आमच्या डॉक्टरांच्या टेबलासमोर. त्यांनी चिमटा लावला. पाय हलला. दोडका ढिम्म.

पुड्या मी प्रयोगशाळेत तपासल्या नाहीत. पण तहान, भूक, धाप आणि पोटातला रक्तस्राव बघून डॉक्टरांचा अंदाज स्टेरॉइडचा होता. दुखण्याच्या गोळीबरोबर ते गेलं की जठराला जखमा होतात. शिवाय दुखणं दबल्यामुळे तो उठला, आम्ही त्याला फिरवला, आणि गादी आणखी सरकली असावी. रक्तस्राव थांबेपर्यंत भूल देणं धोक्याचं होतं. तो थांबेपर्यंत ऑपरेशनची वेळ निघून गेली होती.

पैसे मागितले तर उत्तर आलं, "तुम्ही श्रद्धा सोडलीत." नोंदणी क्रमांक विचारला, तर म्हणाला, आमची नोंदणी निसर्गाकडे. १९८४च्या पशुवैद्यक परिषद कायद्यानुसार जनावरांवर उपचार करायला परिषदेकडे नोंदणी लागते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पैसे पाठवण्याआधी तो क्रमांक मागायला दोन मिनिटं लागली असती.

फिजिओथेरपी, पाण्यातला व्यायाम, ॲक्युपंक्चर यांच्यावर माझा राग नाही. दोडक्याची फिजिओथेरपी आजही चालू आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि विश्रांतीवर बरेच कुत्रे आपोआप सावरतात. अशा लोकांच्या 'बऱ्या केलेल्या' यादीत तेच असतात, असं मला आता वाटतं.

आता त्याला चाकांची गाडी आहे. घरात सुसाट पळतो, दाराच्या चौकटीत अडकतो, आणि कुणी सोडवेपर्यंत भुंकतो. दिवसातून चार वेळा पोटाला दोन्ही बाजूंनी तळवे लावून त्याची लघवी दाबून काढावी लागते. मूत्राशय पाण्याच्या फुग्यासारखं हाताला लागतं, हळूहळू दाब वाढवायचा.

मागच्या आठवड्यात हेच करत असताना पुण्याहून एका बाईंचा फोन आला. हात अडकलेले, म्हणून स्पीकरवर टाकला. त्यांच्याही डॅशहुंडचे पाय सकाळी गेले होते. माझा नंबर सरांनीच दिला होता, बऱ्या झालेल्या पेशंटची मालकीण म्हणून.

"व्हिडिओ पाहिला हो तुमच्या बाळाचा. आता छान पळतो ना?"

मी म्हटलं, "ताई, आधी मला सांगा, बोट दाबल्यावर तो मान वळवतो का?"