यिवू की कछ्याओ? चीनमध्ये बिऱ्हाड हलवण्याआधी

व्यापाराच्या कामाने झेजियांग प्रांतात राहायला जाणाऱ्यांपुढे हमखास दोन नावं येतात. खेळणी, खोट्या बांगड्या, दिव्यांच्या माळा असा माल असेल तर यिवू आणि कापड असेल तर शाओशिंगमधलं कछ्याओ. काम दोन्हीकडे करता येण्यासारखं असेल तर लोक बाजार जवळ कुठला ते बघून घर ठरवतात. मी म्हणेन, दिवसभर घरात कोण असणार आहे ते आधी बघा. गाळ्यांवर हिंडण्यातला शीण दोन्हीकडे सारखाच.

यिवू कागदोपत्री चिनह्वा शहराच्या हाताखाली येतं, पण २०२०च्या जनगणनेत तिथली वस्ती १८ लाखांवर होती. पूर्वी इथले फेरीवाले गुळाच्या वड्या घेऊन दारोदार जात आणि बदल्यात कोंबडीची पिसं घेत. आपल्या बोहारणीचाच धंदा, फक्त भांड्यांच्या जागी गूळ. १९८२ साली त्यांना अधिकृतपणे बाजार मांडायची मुभा मिळाली. आज त्या बाजारात सुमारे ७५,००० गाळे आहेत. परका चेहरा इथे रोजचाच. चीमिंगशान या एका वस्तीतच सत्तरावर देशांचे लोक राहतात. अरबी, तुर्की, पाकिस्तानी आणि भारतीय खाणावळी आहेत, डाळ-मसाला मिळतो. चिनीचा गंध नसलेली गृहिणीही इथे पहिल्या आठवड्यात किराणा आणू शकते.

याची दुसरी बाजू अशी की यिवूत पाच वर्षं राहूनही माणूस चिनी शिकत नाही. शेजारी येतात, कंटेनर भरतात, जातात. मुलांचे मित्रही तसेच.

कछ्याओचा कापडबाजार १९८८चा. परदेशी व्यापाऱ्यांत भारतीयांचा भरणा मोठा असल्याने इचलकरंजी-भिवंडीकडच्या माणसाला तिथे ग्रे, डाइंग, जीएसएम हे कापडधंद्यातले शब्द नव्याने शिकावे लागत नाहीत. मात्र बाजाराचा भाग सोडला की गाव कालव्यांचं आहे. काळ्या छपराच्या होड्या, आंबवलेल्या तोफूचा नाकात जाणारा वास (पहिल्यांदा गटार तुंबलंय असंच वाटतं), आणि स्वयंपाकात सर्रास पडणारी शाओशिंगची भाताची दारू. भाजीवालीशी बोलायचं तर चिनीच लागते. म्हणून ज्याला भाषा शिकायची आहे त्याने इथे यावं. मोडकीतोडकी का होईना, वर्षभरात ती येते, कारण तिच्याशिवाय कोथिंबीरही मिळत नाही.

कछ्याओची खरी जमेची बाजू मात्र मेट्रो. जून २०२१मध्ये शाओशिंगची पहिली मार्गिका हांगझोऊच्या पाचव्या मार्गिकेला जोडली गेली. त्यामुळे प्रांताच्या राजधानीतलं मोठं हॉस्पिटल, इंग्रजी बोलणारा डॉक्टर किंवा नुसतीच रविवारची भटकंती, हे सगळं मेट्रोच्या तिकिटात होतं. यिवूहून वेगवान रेल्वेने हांगझोऊ तासाभराच्या आत येतं खरं, पण आधी तिकीट, मग पासपोर्ट, सामानाची तपासणी. तापाने फणफणलेलं मूल कडेवर असताना हा फरक कळतो. यिवूतही विद्यापीठाशी जोडलेलं मोठं हॉस्पिटल आहे, पण दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं तर शेवटी हांगझोऊच.

शाकाहाऱ्यांनी कुठलंही गाव निवडलं तरी कुकर घरूनच न्यावा. ‘वो छ् सू’, म्हणजे मी शाकाहारी, असं सांगितलं की मांसाचे तुकडे वगळतात, रस्सा मात्र हाडांचाच राहतो. चिनह्वाचं डुकराचं हॅम प्रसिद्ध आहे, त्यामुळे यिवूत भाजीवरही त्याची पातळ चकती येऊ शकते.

स्वतःचा धंदा करणार असाल तर उधारीचं आधी बघा. यिवूत २०११च्या अखेरीस मालकाने थकवलेल्या पैशांसाठी दोन भारतीय कर्मचाऱ्यांना तिथल्या व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं होतं, आणि भारतीय दूतावासाने यिवूत व्यापारच करू नका, अशी सूचना काढली होती. २०१३मध्ये शहराने परदेशी मध्यस्थ घेऊन तंटे मिटवणारी समिती नेमली. तरीही दुसऱ्याच्या फर्मसाठी ऑर्डरवर आपली सही करू नये, मग गाव कुठलंही असो.

बाकी कटकटी दोन्हीकडे एकच. घरी उतरल्यापासून २४ तासांत पोलिसांकडे नोंद करायची आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर गेल्यास ३० दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. जोडीदार कौटुंबिक व्हिसावर असेल तर त्याला नोकरी करता येत नाही. मोबाइलवरून पैसे द्यायचं चिनी अ‍ॅप अलीपे, त्याला आपलं परदेशी कार्ड जोडता येतं, पण २०० युआनच्या वरच्या खर्चावर ३ टक्के शुल्क लागतं. व्हॉट्सअ‍ॅप तिथे बंद आणि वीचॅट या चिनी अ‍ॅपवर २०२०पासून भारतात बंदी, त्यामुळे आईशी कसं बोलायचं ते ठरवूनच निघा. तिने रात्री नऊला केलेला फोन तिथे साडेअकराला वाजतो.

तेव्हा लहान मूल, पहिलाच परदेश आणि नवरा सतत दौऱ्यावर, अशा घराने मी सांगेन की यिवूत राहावं. मूल शाळेत रमलेलं असेल किंवा तुम्ही दोघंच असाल तर कछ्याओ. फक्त घर बघायला जून-जुलैच्या पावसात जा. ऑक्टोबरमध्ये सगळ्याच भिंती कोऱ्या दिसतात. कोकणातल्यासारखी बुरशी कपाटामागून कुठवर चढते ते तेव्हाच कळतं, आणि घरमालकाशी भाड्याची घासाघीसही तेव्हाच जमते.